पुन्हाबाई आणि साठ हजार चित्रं

तिला बसलेलं मी कधी पाहिलं नाही. आमच्या कामगार संघटनेच्या ऑफिसवर एक लांबट खोली आहे. तिथे आठ जुने कम्प्युटर, सोळा खुर्च्या, आणि शिकवणारीसाठी म्हणून एक हातांची चांगली खुर्ची, जी मी स्वतः दोन जिने वाहून नेली. त्या खुर्चीवर चार वर्षं तिची पिशवी बसते. बाई फिरत असते. खिडकी उघडते, बंद करते, खडू या हातातून त्या हातात टाकते, कुणाच्या तरी खांद्यावरून वाकून पडद्याकडे बघते आणि म्हणते, "पुन्हा चालव." समोरच्याने चालवलं की, "पुन्हा." म्हणून वर्गाने तिचं नाव पुन्हाबाई ठेवलं. तिला ते माहीत आहे. तिची आई तिच्याबरोबर राहते, तीही म्हणते, "पुन्हाबाई, जेवायला या आता, ताट काही पुन्हा गरम करणार नाही मी."

ती शिकवते कम्प्युटरवर चित्रं काढायला. माउसने रेघोट्या ओढायच्या नाहीत. मशीनला आधी लिहून सांगायचं: एक गोल काढ, शेजारी दुसरा काढ, प्रत्येक वेळी थोडा लहान करत जा, शंभर झाले की थांब. असा लेखी हुकूम म्हणजे प्रोग्राम. चित्रकार येतात, त्यांना गणिताची धास्ती. हिशेबी डोक्याची माणसं येतात, त्यांना रंगांची धास्ती. दोघांना ती सारखीच झापते.

ही विद्या तिने कॉलेजात घेतलेली नाही. मला कॉलेजचा राग नाही. तिथून बाहेर पडून आम्हाला शहाणपण शिकवायला येतात त्यांचा आहे. ती कापड छापायच्या कारखान्यात होती. नक्षीचा सांधा जुळवायचं काम. म्हणजे फुलाची उजवी कड डाव्या कडेला अशी भिडली पाहिजे की मैलभर कापड छापलं तरी जोड दिसता कामा नये. अशा सात बायका होत्या. मग मशीन आलं. सहाजणींच्या हातात पत्र पडलं आणि हिला ठेवलं, कारण जुनी चित्रं मशीनला भरवायला कुणीतरी हवंच होतं.

मी तेव्हा गेटबाहेर घोषणा देत होतो आणि ती गेटच्या आत होती. म्हणजे आमची ओळखच भांडणाने झाली. सुट्टी झाल्यावर ती बाहेर आली तशी मी तिला अडवून म्हणालो, "सहाजणींच्या खुर्च्यांवर एकटी बसलीस. बरं वाटतं का?"

"खुर्च्या नेल्या त्यांनी," ती म्हणाली. "मी उभी असते." आणि माझ्या हातातला फलक सरळ करून गेली. तो मी उलटा धरला होता.

मशीनबरोबर एक जाड पुस्तक आलं होतं. अकरा महिने जेवणाच्या सुट्टीत तिने ते वाचलं. मशीनच्या पोटात जादू नाही, लेखी हुकूमच आहेत, एवढं कळल्यावर तिने नोकरी सोडली, त्या सहाजणींना गोळा केलं आणि माझ्याकडे येऊन म्हणाली, "अध्यक्ष, वरची खोली उघडा." मी कशाचाच अध्यक्ष नाही. ती मला चिडवायला म्हणते.

तिच्या वर्गाच्या पहिल्या दिवशी कम्प्युटर बंद असतात. एकाने मशीन व्हायचं, दुसऱ्याने हुकूम द्यायचे, मशीनने खडूने जमिनीवर तसंच्या तसं काढायचं. डोकं चालवायचं नाही. यंदाच्या वर्गात एक म्हातारे बोर्ड रंगवणारे होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. पहिल्या दिवशी मशीन झाले काका आणि हुकूम देणारी एक नर्स. नर्स म्हणाली, "रेघ ओढत सरळ चला." काका वाकून रेघ ओढत निघाले. नर्स पुढचा हुकूम शोधत राहिली. काका कपाटावर धडकले.

"अहो काका, थांबायचं ना!"

"थांब कुठे म्हणालीस?" काका कपाळ चोळत म्हणाले. "मशीन आहे मी. इंजेक्शन दिलंस तरी चालत राहणार."

सगळे हसले. बाई हसली नाही. ती जमिनीकडे बघत होती. काकांची खडूची रेघ सरळ नव्हती. करवतीच्या दात्यांसारखी थरथरत गेली होती. आणि हा माणूस चाळीस वर्षं दोरी न लावता सरळ रेघ मारायचा, हे गावात कुणालाही विचारा.

काकांचा उजवा हात दोन वर्षांपासून कापत होता. घरी मुलीला माहीत होतं. ती डेपोत बस कंडक्टर आहे. बाकी कुणाला कळू द्यायचं नाही, असं बापाने तिला बजावलं होतं. कारण एक भिंत शिल्लक होती.

भिंत म्हणजे बस डेपोची पुढची, साठ मीटर लांब. तीस वर्षं तिच्यावर काकांचा हात होता. रांगेत उभे राहा, बस थांबल्यावर उतरा, सगळी अक्षरं त्यांची. गेल्या वर्षी नवा गिलावा झाला आणि अक्षरं गेली. आता तिथे छापील फ्लेक्स ताणायचा असं डेपोच्या समितीचं चाललं होतं. माझं डोकं फिरलं. मी तीनदा समितीच्या इंजिनियर साहेबांच्या टेबलावर हात आपटला. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. भिंतीवर काय येणार त्याचं एक चित्र गुरुवारी अकराला माझ्या टेबलावर आणा. नाही आणलं तर फ्लेक्स."

मी छाती काढून बाहेर आलो. काकांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. तो का पडला ते मला तेव्हा कळलं नाही. बाईला पहिल्याच दिवशी खडूच्या रेघेवरून कळलं होतं.

तिने काकांना एकदाही विचारलं नाही की हात का कापतो. तिसऱ्या आठवड्यात तिने त्यांच्यापुढे माउस ठेवला. "काका, डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढा. सरळ."

"बाई, चेष्टा करता का?"

"मी चेष्टा करत नाही, विचारा अध्यक्षांना. ओढा."

काकांनी ओढली. रेघ थरथरत गेली. बाईने मशीनला ती ठिपक्याठिपक्याने उतरवून घ्यायला सांगितली. दोनशे ठिपके. मग काकांकडून हुकूम लिहून घेतला: हीच रेघ चाळीस वेळा काढ, आणि दर वेळी किती वाकवायची, कुठून सुरू करायची, ते तुझ्या मनाने ठरव. मशीनला मन नसतं. ते एक आकडा घेतं, त्या आकड्यापासून पुढचे आकडे काढत जातं, आणि तेच त्याचं मन. सुरुवातीचा आकडा तोच असेल तर चित्र तेच येतं. आकडा बदलला की चित्र बदललं. बाईच्या वर्गात मशीन हा आकडा घड्याळातून घेतं: मध्यरात्रीपासून किती वेळ झाला तो, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजून. म्हणजे तेच चित्र दुसऱ्यांदा येणं विसराच.

काकांना कीबोर्डच्या बारीक कळा दाबता येईनात, म्हणून बाईने खालच्या लांब कळेवर लाल रंग दिला आणि प्रोग्राम चालवण्याचं काम त्या कळेलाच लावलं. काकांनी मूठ आपटली की नवं चित्र. मूठ आपटली की नवं चित्र. पहिल्याच दिवशी त्यांनी शंभरेक वेळा आपटली. खाली माझ्या टेबलावर छताची माती पडत होती. म्हातारा वर हसत होता.

आता तिचा तो नियम. पहिले सहा आठवडे वर्गात कुणी काहीही जपून ठेवायचं नाही. संध्याकाळी सगळं पुसायचं. मी कितीदा भांडलो तिच्याशी. ती म्हणायची, "कारखान्यात बघितलंय मी. पहिलं बरं फूल आलं की माणूस अंडं उबवत बसतो. दुसरं फूल काढतच नाही. मोडू दे त्यांना. सुरुवातीचा आकडा कसा पकडून ठेवायचा, ते सातव्या आठवड्यात."

साहेबांनी दिलेला गुरुवार सहाव्या आठवड्यात येत होता. हे तिच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. माझ्या डोक्यात तेव्हा साहेबांना काय काय सुनवायचं ते चाललं होतं.

सोमवारी वर्ग सुटत आला होता. बाकीचे निघून गेले होते. डेपोचा साडेपाचचा भोंगा वाजत होता, काकांनी मूठ आपटली आणि पडद्यावर ते चित्र आलं. चाळीस थरथरत्या रेघा वेगवेगळ्या बाजूंनी येऊन एका जागी गोळा झालेल्या, जशा सगळ्या बस फाटकाशी येतात. आणि खाली डाव्या हाताला थोडी मोकळी जागा, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी. मी हे त्या दोघांच्या तोंडून ऐकलेलं सांगतो आहे. बाई म्हणे दोन मिनिटं खडूसुद्धा हलवत नव्हती. मग दोघं खिडकीशी आली आणि खाली मला हाका मारू लागली. मी फोनवर कुणाशी तरी वाद घालत होतो. मला वर पोचायला पाच-सहा मिनिटं लागली.

आमचे कम्प्युटर म्हातारे. पाच मिनिटं हात लावला नाही की पडदा काळा करून झोपतात. मी दार ढकलून आलो, म्हणालो, "कुठंय? दाखवा," आणि पडदा जागा करायला समोर दिसली ती कळ दाबली.

लाल.

पडदा उजळला. चाळीस रेघा आल्या. वेगळ्याच.

काका पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कापणारा हात दुसऱ्या हाताने मांडीवर दाबून धरला, आणि मला पहिल्यांदा तो हात दिसला. खरंच दिसला.

मी काय केलं? ओरडलो. चूक माझी असली की मी आधी ओरडतो. "हा तुमचा नियम! जपायचं नाही म्हणे! एका माणसाची शेवटची भिंत आहे, कळतं का तुम्हाला? इथे काय फुलं छापायची आहेत?"

बाई खिडकीशी गेली. उघडली, बंद केली, उघडली. म्हणाली, "नियम माझा. बोट तुमचं. वाटून घेऊ. आता गप्प बसा, मला विचार करू द्या." मग काकांकडे वळली. "भोंगा वाजत होता ना? नक्की?"

"वाजत होता. मी मूठ आपटली आणि तो थांबला की काय... नाही, वाजतच होता."

भोंगा मिनिटभर वाजतो. मिनिटाचे साठ सेकंद, सेकंदाचे हजार भाग. साठ हजार आकडे. त्यातला एक त्या चित्राचा. हे सांगून बाई खडू शोधू लागली. तो तिच्या हातातच होता.

अडचण अशी की आमच्या कम्प्युटरचं घड्याळ आणि डेपोचं घड्याळ एक वेळ दाखवत नाहीत. किती फरक आहे ते कळायला पुन्हा भोंगा वाजायला हवा. म्हणजे मंगळवारी साडेपाचला. मंगळवारचा अख्खा दिवस आम्ही त्या खोलीत काढला. करण्यासारखं काही नाही आणि घरी जाववत नाही. बाईने एका पडद्यावर शंभर छोटी चित्रं मावतील असा प्रोग्राम लिहिला. ते दहा वाजताच झालं. मग ती खोलीत येरझाऱ्या घालत राहिली. मी खुर्च्या मोजल्या. काका मुठीने स्वतःच्या गुडघ्यावर मारत होते. मी समितीला फोन करून दोन दिवस वाढवून मागितले. साहेब म्हणाले, "फ्लेक्सवाला उद्या येतोय म्हणाला तरी मी त्याला थांबवलंय. अजून काय करू, भिंत वाढवू?" मी फोन ठेवला.

साडेपाचला भोंगा वाजला. कम्प्युटरवर पाच एकतीस आणि बारा सेकंद झाले होते. बाईने त्या वेळेचा आकडा टाकला आणि पहिला पडदा उघडला. शंभर चित्रं, दहा ओळींत दहा. असे सहाशे पडदे बघायचे. ऑफिस आठला बंद होतं, राखणदार एक मिनिट जास्त देत नाही. मी त्याला आमच्याच संघटनेत घेतलंय, तरी देत नाही.

मंगळवारी ऐंशी पडदे झाले. बुधवारी सकाळी नऊपासून पुन्हा. काकांचे डोळे लाल झाले. ते "नाही" म्हणायचे, बाई पुढचा पडदा आणायची. नाही. नाही. नाही. दुपारी काकांची मुलगी ड्यूटी संपवून खाकी गणवेशातच वर आली, चामड्याची पिशवी टेबलावर टाकली.

"दादा, तुम्ही दाबलंत म्हणे बटण?" ती मला म्हणाली. "माझ्या बसमध्ये पण असेच असतात. बस थांबायच्या आधी बेल."

मी तिला खुर्ची पुढे केली. 

"सापडलं का?" तिने बापाला विचारलं.

"दोनशे बारावा पडदा," बाई म्हणाली. "शोधतोय." आणि पुढचा आणला.

काका "नाही" म्हणाले नाहीत. पुढे वाकले. मधल्या ओळीतल्या एका चित्रावर बोट ठेवलं. बोट कापत होतं, त्यामुळे नक्की कुठलं ते कळेना. बाईने पुढे होऊन ते मोठं केलं.

मुलीने बापाकडून सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "बाबा, मोकळी जागा कुठंय? तुम्ही म्हणालात खाली डावीकडे मोकळी जागा होती. आणि रेघा एकत्र येत होत्या. ह्या तर आडव्यातिडव्या जातायत."

"नाहीये ती जागा."

"मग हे ते नाही."

"नाही. हे ते नाही."

बाईने पुढच्या पडद्यासाठी हात उचलला. काकांनी तिचं मनगट धरलं. "थांबा बाई. ह्याचा आकडा काय?"

"काका, अजून तीनशे सत्त्याऐंशी पडदे आहेत. असेलच त्यात. मी काढून देते तुम्हाला."

"माझ्या किती भिंती गेल्या मोजल्यात का कधी? बाजाराची गेली, शाळेची गेली, दवाखान्याची गेली. माणसं वर चुना मारतात आणि जातात. ते चित्र चांगलं होतं. होतं आणि गेलं. हे बघा, ह्यात रेघा एकमेकींना ओलांडून पुढे जातायत. फाटकात नुसत्या येऊन थांबत नाहीत. डेपो असाच असतो. हे मला आधी सुचलंच नव्हतं." त्यांनी मनगट सोडलं. "आकडा सांगा. लवकर, उद्या अकराला जायचंय."

बाईला ते पटलं नव्हतं, तोंडावर दिसत होतं. तिला तिने घालवलेलं चित्र परत द्यायचं होतं, दुसरं काही नको होतं. पण तिने आकडा वाचला. सहा तीन शून्य नऊ तीन दोन चार सात. काकांच्या मुलीने तो तिकिटाच्या मागे लिहून घेतला.

गुरुवारी अकराला आम्ही चौघं साहेबांसमोर. बाईने एक कम्प्युटर तारांसकट पिशवीत घालून आणला होता. साहेबांनी कागदावरचं चित्र बघितलं, भुवई चढवली. "हातानं काढलंय की मशीननं?"

"हात माझा, मजुरी मशीनची," काका म्हणाले.

"तुमचा हात कापतो असं ऐकलं मी."

मुलगी एकदम पुढे झाली. काकांनी तिला डोळ्यांनीच थांबवलं. त्यांनी उजवा हात उचलून साहेबांच्या टेबलावर, चित्राच्या शेजारी ठेवला आणि दाबून धरला नाही. तो कापत राहिला. टेबलावरची पेनं खुळखुळली. साहेबांनी हाताकडे बघितलं, चित्रातल्या रेघांकडे बघितलं, परत हाताकडे. मग बराच वेळ चष्मा पुसला.

"पण भिंतीवर हेच येईल ना?" ते शेवटी म्हणाले. "म्हणे ते मशीन दर वेळी वेगळं काढतं. फाइलला एक चित्र आणि भिंतीवर दुसरं असं मला चालणार नाही."

बाईने कम्प्युटर लावला, आकडा टाकला, लाल कळ दाबली. तेच चित्र. पुन्हा दाबली. तेच. साहेबांनी स्वतः दाबून बघितली. तेच. चौथ्यांदा दाबताना ते हसले. लगेच गंभीर झाले आणि सही केली.

गेल्या आठवड्यात भिंत सुरू झाली. काका शिडीवर चढत नाहीत, मुलीने शपथ घातली आहे. ते रस्त्याच्या पलीकडे स्टुलावर बसून हुकूम देतात आणि वर्ग परांचीवर उभा राहून रंगवतो. बाई सगळ्यात वरच्या फळीवर, ब्रश घेऊन. ती मशीन झाली आहे आणि मशीन डोकं चालवत नाही. पहिल्याच दिवशी नर्स खालून रंगाचा डबा वर देत असताना मी ऐकलं.

"बाई, थोडं वर घ्या!" काका ओरडले.

"थोडं म्हणजे किती?"

"अहो थोडं! एवढंसं!"

"एवढंसं मला कळत नाही. आकडा सांगा."

"चार बोटं!"

"कुणाची?"

रस्त्यावरच्या रांगेतली माणसं हसायला लागली. काकांनी स्टुलावर मूठ आपटली. "माझी! माझी चार बोटं!"

बाईने तेवढ्या उंचीवर ब्रश टेकवला आणि रेघ ओढत निघाली. खाली उजव्या कोपऱ्यात, जिथे बोर्ड रंगवणारे आपलं नाव टाकतात, तिथे काकांनी तो आठ आकड्यांचा नंबर टाकायला सांगितला आहे. नाव नको म्हणाले, नाव कुणीही वाचेल.

मी फळीखाली उभा होतो. वर न बघता विचारलं, "बाई, ते पहिलं चित्र? तुम्ही अजून शोधता म्हणे, वर्ग सुटल्यावर."

"चारशे साठ पडदे झाले," ती वरून म्हणाली. "गप्प बसा अध्यक्ष, रेघ चुकेल. आणि त्या डब्याला हात लावू नका."

मी हात मागे घेतला. पलीकडून काका ओरडत होते, "थांबा! बाई, थांबा! थांब म्हणतोय ना मी!" आणि ती फळीच्या टोकावर एक पाय उचलून थांबली होती.